अठरा वर्षं झाली, अजून शाळेतच आहे

परवा डीएडच्या बॅचमधल्या मैत्रिणीचा फोन आला. तिनं शाळा सोडली. विनाअनुदानित शाळेत होती, पगार कधी दोन महिन्यांनी कधी चार, शेवटी घरच्यांनीच सांगितलं की बस झालं आता. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, तू कशी काय टिकलीस गं? मी काहीतरी थातूरमातूर बोलले आणि फोन ठेवला, पण तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. म्हणून आज रविवार आहे, भाकऱ्या उरकल्यात, तर लिहायलाच बसले.

मी २००७ ला शिक्षणसेवक म्हणून लागले. तीन हजार रुपये मानधन, तीन वर्षं. आत्ता नवीन येणाऱ्या प्राथमिकच्या पोरांना सोळा हजार मिळतात, तेही २०२३ पासून. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांमधली मी, म्हणजे जुनी पेन्शन नाही. पण खरं सांगू का, पैशामुळे नोकरी सोडाविशी मला कधी वाटली नाही, वाटली ती वेगळ्याच कारणानं.

आमची शाळा घाटमाथ्यावरच्या वाडीत, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट २३. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पावसाळा नुकता संपलेला. तिसरीतली एक पोर वही घेऊन माझ्याजवळ आली. ३०२ वजा १४७. एककाला दोनातून सात जात नाहीत हे तिला कळलेलं, हातचा घ्यायला शेजारी गेली तर तिथे शून्य. आता शून्याकडून काय घ्यायचं? तिसरीच्या गणितात पोरं इथे हमखास अडकतात, आणि नेमकं इथेच बाईंनी शेजारी बसायचं असतं. शतकाचा एक गठ्ठा सोडायचा, त्याच्या दहाच्या दहा जुड्या करायच्या, त्यातली एक जुडी सोडून दहा सुट्या काड्या करायच्या. काड्या हातात दिल्या की पाच मिनिटांचं काम आहे.

पण त्या वेळी माझ्या हातात मोबाईल होता. ग्रुपवर लिंक आलेली, "अतितातडीचे, आजच ४ वाजेपर्यंत", कसलीतरी माहिती, जी मी आधीच दोन वेगवेगळ्या नमुन्यांत भरून दिली होती. रेंज एकाच खिडकीत येते, तिथे मी उभी. पोर बराच वेळ माझ्या पदराजवळ वही धरून उभी राहिली, मग जागेवर गेली आणि खोडरबरनं ते उदाहरण पुसून टाकलं. मी बघत होते. सबमिट झालं नाही म्हणून परत पहिल्यापासून भरत होते आणि बघत होते.

त्या रात्री मी राजीनामा लिहिला. टाचणवहीच्या मागच्या पानावर, पेनानं, तारीख न घालता.

लोक म्हणतात शिक्षकांना फार स्ट्रेस असतो, मुलं किती त्रास देतात. मला मुलांनी कधी थकवलं नाही. चार वर्ग एकत्र घेऊन घसा बसतो, पाय दुखतात, पण रात्री झोप लागते. झोप उडते ती मुलांपासून तोडणाऱ्या कामानं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ आहे बघा, त्यात स्पष्ट लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक, ही तीन सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम लावायचं नाही. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण ऑनलाइन माहिती, फोटो, लिंक, अॅप हे सगळं "शैक्षणिक"च्या नावाखाली येतं, त्यामुळे कलम हातात धरूनही काही उपयोग होत नाही. खिचडी पानात वाढली की आधी फोटो, मग "वदनी कवळ घेता". पोरांना सवय झालीये, ताट घेऊन आपोआप कॅमेऱ्याकडे बघतात. मला ते बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते मागचं पान आमच्या सरांना दाखवलं. सर माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, फार बोलत नाहीत. त्यांनी वाचलं, वही मिटून परत दिली आणि म्हणाले, "मॅडम, हे माझ्याकडंबी हाये. दोनदा लिवलंय." मग आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो आणि पहिल्यांदा नीट बोललो. इतकी वर्षं शेजारच्या वर्गात, आणि एकमेकांना माहीतच नाही.

त्या दिवशी जे ठरलं ते अजून चालू आहे. एक आठवडा कागद सरांचे, एक आठवडा माझे. खिचडीची रोजची नोंद तेवढी ज्या त्या वेळी, बाकी चार वाजेपर्यंत दोघांचेही मोबाईल कपाटात. चारनंतर शेवटच्या तासाला ज्याचा कागदाचा आठवडा आहे तो खिडकीत बसून सगळ्या लिंका उरकतो आणि दुसरा तेवीसच्या तेवीस पोरं घेऊन बाहेर जातो, गोष्ट, गाणी, लंगडी, जे जमेल ते. केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांचं केंद्र बघणाऱ्या साहेबांना, आम्ही दोघांनी जाऊन समोर बसून सांगितलं, अगदी तातडीचं असेल तर फोन करा, ग्रुपवर चारच्या आत उत्तर येणार नाही. ते पण आधी वर्गावरच होते, त्यांनी मान हलवली. वरून दोनदा खुलासा मागितला गेला, माहिती उशिरा का. दोनदा दिला, दोघांच्या सहीनं. एकट्याची सही असती तर मी घाबरले असते, हे मला पक्कं माहितीये.

आता दुसरं, जे बायका आपापसात बोलतात पण लिहीत नाहीत. शाळेत पाणी न पिणं. घरून साडेनऊला निघायचं, सव्वासहाला परत, आणि दिवसभरात दोन घोट. कारण शाळेच्या संडासाला कडी नाही आणि आत पाणी नाही. एका वर्षात दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं, ताप आला, रजा पडल्या. कराडला डॉक्टरबाईंनी विचारलं, दिवसातून पाणी किती पिता? मी गप्प. त्या म्हणाल्या माझ्याकडे शिक्षिका आणि एसटीच्या कंडक्टर बायका ह्याच तक्रारीसाठी येतात.

शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या तरी बायका असाव्या लागतात. मी मीटिंगमध्ये हा विषय काढायला कित्येक वर्षं लाजले. शेवटी काढला, खाली मान घालून. एक आई उठून म्हणाली, "आवो बाई, मग आदी का न्हाई सांगितलं?" पंधरा दिवसांत टाकी बसली, कडी लागली. आता मी बाटली भरून नेते आणि संपवते. मनःस्वास्थ्यावरची ऑनलाइन प्रशिक्षणं मी तीन केलीत, सर्टिफिकेटं आहेत, पण त्या कडीनं मला जेवढं बरं केलं तेवढं त्यातल्या एकानंही केलं नाही.

सध्या आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलीये त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. मी लागले तेव्हा ही परीक्षाच नव्हती. दीडशे मार्कांचा पेपर, त्यात तीस मार्क बालमानसशास्त्राचे. अभ्यासाला माझा विरोध नाही, करतेय, रात्री जेवणं झाली की लेकीच्या शेजारी मी पण पुस्तक उघडते. पण आमच्या केंद्रातल्या पन्नाशीला आलेल्या एक मॅडम शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर रडल्या, आणि त्यांनी शिकवलेली पोरं आज पीएसआय आहेत, नर्स आहेत. त्या दिवसापासून आम्ही पाचजणी शनिवारी सकाळची शाळा सुटली की एकीच्या घरी बसतो, गणित मी घेते, इंग्रजी दुसरी घेते. मॅडम आता येताना शेंगदाण्याचे लाडू आणतात आणि प्रश्नपत्रिका सोडवतात.

आणि आमच्या केंद्रात गेल्या वर्षी पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारी शिक्षकभरतीतून, आलेला हिंगोलीकडचा एक पोरगा आहे, वय चोवीस, खोली करून राहतो, गावाला जायचं म्हणजे अख्खी रात्र एसटीत. दिवाळीनंतर तो फार गप्प झाला होता. सरांनी त्याला गुरुवारी घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली, बाकी काही विचारलं नाही. तिसऱ्या गुरुवारी तो आपणहून बोलला.

तर मैत्रिणीला मी हे सांगायला हवं होतं. मी टिकले कारण मला सर मिळाले, आणि तिला तिच्या शाळेत तसं कुणीच मिळालं नाही. ती माझ्यापेक्षा चांगली शिकवायची, डीएडला तिचे पाठ बघायला बाकीच्या वर्गातली मुलं यायची. उद्या शाळा सुटली की तिला फोन करणार आहे.

उद्यापासून कागदाचा आठवडा सरांचा. माझ्याकडे तिसरीला हातच्याची वजाबाकी आहे, काड्यांच्या जुड्या आत्ताच रबर लावून पिशवीत भरून ठेवल्यात.