डरहॅमचे बुल्स आणि वरचे बोलावणे

आयुष्य जळगावात गेलेले, आणि मैदान म्हटले की सागर पार्कवरचे क्रिकेट डोळ्यांपुढे येणारे; अशा मला नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम शहरी भाच्याने एका संध्याकाळी बेसबॉलच्या मायनर लीगचा सामना पाहायला नेले.

अमेरिकेतील मोठ्या लीगमध्ये 30 संघ आहेत आणि त्यांच्या हाताखाली, चार पायऱ्यांवर मिळून, 120 संघ खेळतात. डरहॅम बुल्स हा त्यांतल्या सर्वांत वरच्या, म्हणजे ट्रिपल-ए पायरीवरचा, मोठ्या लीगमधल्या टॅम्पा बे रेज या संघाशी जोडलेला संघ. खेळाडूंचा पगार रेज देतात, आणि कोणाला केव्हा वर बोलवायचे हेही तेच ठरवतात. डरहॅमकडे उरते ते मैदान, तिकीटविक्री आणि बैलाचे नाव. हे नाव तंबाखूच्या बैलछाप मार्क्यावरून आले. 1995 मध्ये खुल्या झालेल्या या मैदानाशेजारीच जुन्या तंबाखू कारखान्याच्या विटांच्या इमारती असून त्यांत आता कचेऱ्या आणि उपाहारगृहे आहेत. (जळगावची खान्देश मिल ज्यांनी चालू असताना पाहिली, त्यांची पावले अशा इमारतींपुढे थोडी रेंगाळतातच.)

खेळ समजायला वेळ लागला नाही. नऊ डाव, प्रत्येक डावात दोन्ही संघांचे तीन-तीन बाद. पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचा, आणि ते सेकंद घड्याळावर सगळ्यांना दिसतात. हा नियम मोठ्या लीगमध्ये 2023 साली आला, पण त्याआधी तो अशाच मैदानांवर पारखून घेतला गेला होता. प्रेक्षकांत आलेला चेंडू परत करावा लागत नाही, हे मात्र मला पचायला जड गेले. आमच्या मागे पडलेला एक चेंडू सहा-सात वर्षांच्या मुलीला मिळाला. त्याला लागलेली तांबडी माती ती बोटाने खरवडून पाहत होती आणि पुढचा अख्खा डाव तिने मैदानाकडे ढुंकूनही पाहिले नाही.

एका तरुण फलंदाजाने चेंडू थेट डावीकडच्या उंच निळ्या भिंतीवर आदळवला. सारे उभे राहिले. शेजारचे वयस्क गृहस्थ टाळ्या वाजवता वाजवता म्हणाले, "चांगला आहे, म्हणजे फार दिवस इथे राहायचा नाही." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. आमच्याकडेही पोरगा जिल्ह्यात चमकला की पुण्याची वाट धरतो, पण आम्ही त्याचे नाव वर्तमानपत्रात शोधत बसतो आणि स्थानिक सामन्यांकडे पाठ फिरवतो. इथे खेळाडू बदलत राहतात, तरी लोक तिकीट काढून येतातच.

"मामा, इथे हार-जीत कोणी फारशी मनाला लावून घेत नाही," भाचा म्हणाला. मला ते तितकेसे पटले नाही. बुल्स हरत असताना आठव्या डावात पंचांच्या नावाने झालेला आरडाओरडा अस्सल होता.

मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी असा एक सामना जरूर पाहावा. हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो. एकाच पाहुण्या संघाशी बहुधा मंगळवार ते रविवार सहा सामने होतात आणि सोमवारी सहसा सुट्टी असते. पिचरची करामत पाहायची असेल तर फलंदाजाच्या पाठीमागे, जाळीआडची जागा घ्यावी.