एक तोडा, दुसरा मी नेतो

वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन चाकू आणि फडक्यात बांधलेले तिसऱ्या चाकूचे दोन तुकडे त्याने काउंटरवर ठेवले. "ताई, हे दोन ट्रकच्या स्प्रिंगच्या एकाच पाट्यातले आहेत. एक तोडा, दुसरा मी नेतो."

मी खेतवाडीतल्या एका धातू चाचणीच्या लॅबमध्ये काम करते. गिरगाव, कुंभारवाडा, खेतवाडी हा सगळा पट्टा स्टीलच्या व्यापाऱ्यांचा. पाइपवाले, फ्लँजवाले, बारवाले नमुने पाठवतात. आम्ही त्यावर ठिणगी पाडतो, ते ओढतो, तोडतो आणि रिपोर्ट देतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, मशीनमध्ये वस्तू ठेवली की उत्तर मिळतं आणि वस्तू परत घरी जाते. पण ज्या चाचण्यांना खरा अर्थ असतो, त्यांत वस्तू उरत नाही. फ्लँजचं, म्हणजे पाइप जोडायच्या चकतीचं, पोलाद थंडीत टिकेल का हे कळायला त्याच घाण्यातला, म्हणजे एकाच वेळी भट्टीतून निघालेल्या मालातला, एक तुकडा तोडावा लागतो आणि बाकीच्या मालावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणून रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते, 'निष्कर्ष फक्त चाचणी केलेल्या नमुन्यापुरते.' आयएसओ 17025 मानणाऱ्या कुठल्याही लॅबला ती लिहावीच लागते. गिऱ्हाईक ती वाचत नाही. हा मुलगा ती ओळ न वाचताच समजून आला होता.

तो पायदळातला जवान, सातारा जिल्ह्यातला. सुट्टी संपत आलेली, वांद्रे टर्मिनसवरून जम्मूची गाडी पकडायची होती. त्याचा आतेभाऊ आमच्याकडे रोज नमुने आणणाऱ्या टेम्पोवर आहे, त्याच्या ओळखीने आला. पुढे पोस्टिंग कुठे, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. 'उंचावर' एवढंच म्हणाला. सरांनी आधी मोजपट्टी काढली. शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातं येतं. ही पाती साडेसहा इंचांची, रुंदीही कमी. सरांनी मान डोलावली, फॉर्म भरला. नमुना : एक.

मी आधी फडकं सोडलं. हा जुना चाकू त्याने शहरातल्या एका दुकानातून भरपूर पैसे मोजून घेतला होता. स्टेनलेसचं काळं पातं, पाठीवर करवतीचे दाते, वर परदेशी वाटणारं नाव. मागच्या खेपेला गोठलेल्या जेरीकॅनचं झाकण उचकटताना तो मुठीपाशी तुटला. सिनेमा बघून लोकांना वाटतं की सैनिकाचा चाकू माणसावर चालतो. तो म्हणाला, "ताई, दोर, डबे, पेट्यांच्या पट्ट्या, तंबूच्या दोरावरचा बर्फ. दिवसभर हेच."

तुटलेली कड मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. फुटलेलं पोलाद वाचता येतं. तडा जिथून सुटला, तिकडे त्या पृष्ठावरच्या रेषा बोट दाखवतात. इथे सगळ्या रेषा एका कोपऱ्याकडे चालल्या होत्या. पातं अरुंद होऊन मुठीत शिरतं, तिथे कारखान्याने नेमका काटकोन कापला होता. अशा काटकोनात ताण गोळा होतो. कणही मोठे, खडीसाखरेसारखे चमचमणारे, म्हणजे पाणी देताना, तापवून एकदम विझवून कडक करताना, पोलाद जास्त तापवलेलं. पाठीवरचे दाते हीही तशीच खोड. 1980 च्या दशकात या दात्यांची मोठी फॅशन आली. त्यांनी लाकूड धड कापलं जात नाही, आणि प्रत्येक दाता म्हणजे तडा सुटायला आयती खाच.

हे त्याला सांगणार, एवढ्यात त्यानेच नव्या चाकूवर बोट ठेवलं. "हा तुकडा वर्षभर जवळ ठेवला होता, ताई. इथं काटकोन होता. म्हणून लोहारकाकांना म्हटलं, इथं गोल ठेवा." खरंच, मूठ सुरू होते तिथे दोन्ही बाजूंनी सुंदर वळण होतं, कानशीने घासून गुळगुळीत केलेलं. पदवी घेऊन आलेल्या मुलांना जे मी महिनाभर शिकवते, ते याने एका तुटक्या तुकड्यावरून काढलं होतं.

चहा आला. त्याच्या तुकडीतली मुलं व्हिडिओ बघून चाकू निवडतात. सगळ्यांना 'फुल टँग' हवं, म्हणजे पात्याचं पोलाद तेवढ्याच रुंदीने मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं. कल्पना चांगली आहे, पण ती शपथेसारखी घेऊ नये. अमेरिकन मरीन सैनिकांनी 1942 मध्ये घेतलेला का-बार चाकू फुल टँग नाही. त्यात एक अरुंद पट्टी चामड्याच्या चकत्यांमधून आरपार गेलेली असते, आणि त्याने महायुद्ध काढलं. उलट त्याच काळातला ब्रिटिश कमांडोंचा फेअरबर्न-साइक्स खंजीर दिसायला देखणा, पण भोसकण्यासाठी घडवलेला. त्याने डबा उचकटायला गेलात तर टोक हातात येईल. शिवाय फुल टँगमध्ये मुठीच्या कडेने पोलाद उघडं राहतं, आणि कडाक्याच्या थंडीत उघड्या धातूला ओली त्वचा चिकटते. त्याने ते सोसलं होतं. म्हणून या दोन्ही चाकूंना त्याने लाकूड वा फायबर लावलं नव्हतं. नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळली होती, धातूचा एक मिलिमीटरही दिसू न देता. मूठ जाड झाली होती, आणि तीच हवी. दुहेरी हातमोज्यात बारीक मूठ सापडत नाही.

गंजाचं त्याला भय नव्हतं. मुंबईच्या खाऱ्या हवेत साधं कार्बन पोलाद दोन दिवसांत लालसर होतं. तिकडे हवा कोरडी, तेलाचं बोट फिरवलं की पुरतं. त्याला चिंता एकच, गोठल्यावर तडकेल का? हा प्रश्न अगदी बरोबर होता. पोलाद जसजसं थंड होतं तसतसा त्याचा चिवटपणा उतरतो, आणि 25 अंशांवर दणके खाणारं पातं उणे 40 ला काचेच्या वळणावर जाऊ शकतं. दुकानातला कुठलाही खोका हे सांगत नाही. खोक्यावर असतं पोलादाचं नाव आणि एका सैनिकाचा फोटो. पाणी कसं दिलं, परत किती तापवलं, यावर एक अक्षर नसतं, आणि चाकूचं सगळं नशीब तिथेच ठरतं.

"कुठला तोडू?" मी विचारलं. त्याने मान फिरवली आणि न बघता बोट केलं. त्यावर मी अ लिहिलं, दुसऱ्यावर ब.

अ ची दोरी सोडली, पृष्ठभाग घासला. भट्टीत तापवताना वरच्या थरातला कार्बन जळतो, तो थर काढला नाही तर आकडा खोटा येतो. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनवर, ठिणगी पाडली. कार्बन 0.57 टक्के, मँगनीज 0.84, क्रोमियम 0.81. म्हणजे एसयूपी 9, ट्रकच्या पाट्यांचं अस्सल पोलाद. गावाकडे पाट्याचा कोयता नावाजतात तो उगाच नाही. कठीणपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर हिऱ्याचं टोक 150 किलोच्या भाराने टेकवलं. कठीणपणा 57. अशा कामाच्या चाकूला मी स्वतः हाच आकडा मागितला असता.

मग थंडी. आमच्याकडे एलएफ 2 जातीच्या फ्लँजचे नमुने उणे 46 अंशांवर नेहमी तुटतात, त्यासाठी अल्कोहोल आणि कोरड्या बर्फाची टाकी तयार असते. नियम असा की नमुना किमान 5 मिनिटं बुडवायचा आणि बाहेर काढल्यापासून 5 सेकंदांत त्यावर चाचणी मशीनचा हातोडा पडला पाहिजे. चाकू व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळेपर्यंत तेवढा वेळ जाणारच, म्हणून व्हाइसच्या जबड्यांनाही मी कोरडा बर्फ लावून ठेवला. नेहमीच्या पद्धतीने तुकडे कापून हातोड्याखाली घातले असते तर तुटायला किती ऊर्जा लागली याचा त्याला ज्यूलमध्ये आकडा मिळाला असता. त्याला ज्यूल नको होते. टोकाकडचा तिसरा हिस्सा व्हाइसमध्ये, मुठीवर लांब पाइप, आणि पाइप त्याच्याच हातात दिला. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण अडवलं नाही.

पाइप दहाबारा अंश गेला, सोडला, पातं सरळ परत आलं. पुन्हा टाकीत, पुन्हा व्हाइस. तिसऱ्यांदा त्याने अंगाचा भार टाकला. पातं वाकलं, वाकलेलंच राहिलं, आणखी वाकलं आणि मग तुटलं. कड बघून मला बरं वाटलं. करडी, बारीक कणांची, मखमली. तडा व्हाइसच्या जबड्यापाशी गेला होता, मुठीचा गोलवा जसाच्या तसा. तो काही बोलला नाही. पाइप खाली ठेवला आणि तळवा पँटला पुसला.

फॉर्मप्रमाणे काम संपलं होतं. रिपोर्ट लिहायला घ्यायचा, की झालं. रॉकवेल मशीन रिकामं होतं, म्हणून ब ची थोडी दोरी उकलून, पृष्ठभाग तसाच घासून तोही ठेवला. 61.

पुन्हा घेतला. प्रमाणित ठोकळा ठेवून मशीन तपासलं, मशीन बरोबर होतं. परत 61. एकाच पाट्यातले, एकाच लोहाराच्या हातचे, एकाच दिवशी घडवलेले दोन चाकू, आणि मध्ये चार अंकांची दरी. आपल्याला चार म्हणजे फार वाटत नाही. पण 61 वरचं हे पोलाद वाकून राहणार नाही, ते सरळ तुटेल, आणि थंडीत आधी तुटेल.

त्याने लोहारकाकांना फोन लावला, स्पीकरवर. काका आधी चिडले. "दोन्ही सारखेच केलेत, पोरा. दोन्ही तेलात विझवले, दोन्ही तांबूस रंगावर उतरवले." मग मी विचारलं, दोन्ही एका वेळी उतरवले का? जरा थांबून म्हणाले, "एक दुपारी. दुसरा दिवेलागणीला, ट्यूबखाली." तिथे उत्तर मिळालं. पाणी दिलेलं पोलाद ठिसूळपणा उतरवायला परत तापवताना त्यावर आधी पिवळसर झाक येते, मग तांबूस, मग जांभळी, मग निळी. पिवळसर म्हणजे साधारण 220-230 अंश, तांबूस म्हणजे 255-260. पिढ्यान्‌पिढ्या लोहार या रंगांवर बिनचूक काम करत आलेत, पण उजेड बदलला की डोळा फसतो. काकांना ट्यूबच्या उजेडात जे तांबूस दिसलं, ते अजून पिवळंच होतं. त्यांच्या हातात खोट नव्हती. तापमान मोजायच्या साध्या साधनापासून त्यांना कोणी दूर ठेवलंय, हा प्रश्न मी त्यांना नाही, आपल्या सगळ्या 'कौशल्य विकास'वाल्यांना विचारते.

दोरीच्या मुठीचा इथे फार मोठा उपयोग झाला. फायबरची मूठ असती तर चाकू भट्टीत जाऊच शकला नसता. दोरी सगळी उतरवली, तडा शोधायचा लाल रंग लावून दहा मिनिटं ठेवला, पुसून पांढरी पावडर मारली. लाल रेघ कुठेही उमटली नाही, म्हणजे तडा नाही. मग आमच्या मफल भट्टीत 260 अंशांवर दोन तास. तेवढा वेळ तो बाहेर बाकावर बसून होता, आतेभाऊ दोनदा वडापाव घेऊन आला. बाहेर काढून गार केला, घासला, मोजला. साडेसत्तावन्न.

आता रिपोर्टचं काय? सर म्हणाले, रिपोर्ट अ चा. ब वर आपण स्वतः प्रक्रिया केली, त्यावर लॅबचं नाव देता येणार नाही. नियमाने त्यांचं बरोबर आहे. म्हणजे कागद आहे तो तुटलेल्या चाकूचा, आणि जो चाकू वर गेला त्याच्याबद्दल कागदावर एक शब्द नाही.

मला छळतंय ते वेगळंच. मशीन रिकामं नसतं, तर तो अ चा उत्तम रिपोर्ट खिशात आणि 61 चा ठिसूळ चाकू कमरेला घेऊन गेला असता, आणि आमच्या बाजूने सगळं नियमानुसार झालं असतं. त्याचं बोट ब कडे गेलं असतं, तर मी ठिसूळ चाकू तोडून 'दोन्ही टाकून दे' म्हटलं असतं आणि चांगला चाकू भंगारात गेला असता. आमचं सगळं दुकान याच गृहीतकावर चालतं, की एक तुकडा घाण्यातल्या बाकी तुकड्यांसाठी बोलतो. कारखान्याच्या भट्टीत शेकडो नग एकदम तापतात, तिथे ते बऱ्यापैकी खरं असतं. तिथेही काही व्यापारी चांगला तुकडा निवडून पाठवतात आणि रिपोर्ट दुसऱ्याच मालाला जोडतात, हे या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. हाताने घडवलेल्या वस्तूला तर हे गृहीतक लागूच होत नाही. तिथे प्रत्येक नग हाच एक घाणा.

मी आतेभावाबरोबर काकांसाठी वेल्डर वापरतात ते थर्मल चॉक पाठवलं. ठरलेल्या तापमानाला त्याची रेघ वितळते, उजेड कसलाही असो. काकांनी निरोप धाडला की त्यांना त्याची गरज नाही. पुढच्या आठवड्यात आतेभावाने काउंटरवर आणखी चार चाकू ठेवले, तुकडीतल्या मुलांसाठी, दोरी न गुंडाळलेले. प्रत्येकाच्या मुठीच्या पट्टीवर चॉकची वितळलेली रेघ होती.

सरांनी फॉर्मवर लिहिलं, नमुना : एक. मी पेन घेऊन त्याचे चार केले. सर म्हणाले, बाकी तिघांचे पैसे कोण देणार? मी म्हटलं, कठीणपणा बघायला एका चाकूमागे तीन मिनिटं लागतात, जेवणाच्या सुट्टीत करते. त्यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.