सॉर्बेट घालूनही बुचं वर आली

फोंड्याकडच्या एका बॉटलिंग युनिटमधून गोड पोर्ट वाईनच्या बाटल्या आमच्या लॅबमध्ये आल्या. बुचं वर आलेली, तळाला तपकिरी रवाळ गाळ. सोबत दोन कागद: लिटरला २०० मिलीग्रॅम सॉर्बेट (यीस्टची वाढ रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह) घातल्याची नोंद आणि 'ब्रेट नाही' असा रिपोर्ट. ब्रेट म्हणजे ब्रेटानोमायसिस, वाईन बिघडवणारं एक यीस्ट.

रिपोर्ट खोटा नव्हता. ब्रेट वाढवून पाहायच्या मीडियात अ‍ॅक्टिडिओन हे बुरशी-यीस्ट दाबणारं द्रव्य असतं. त्यात सॅकरोमायसिस, म्हणजे वाईन आंबवणारं नेहमीचं यीस्ट, दबतं आणि सावकाश वाढणाऱ्या ब्रेटला वाव मिळतो. पण ती प्लेट ब्रेटपुरतंच सांगते. गोड वाईन, सॉर्बेट आणि तरीही गॅस म्हटल्यावर संशय झायगोसॅकरोमायसिस बेली या दुसऱ्या यीस्टवर. सॉर्बेट-बेंझोएटला ते जुमानत नाही, अ‍ॅसिटिक आम्लालाही नाही. म्हणून आम्लानेच ते वेगळं काढायचं.

माल्ट अगर (यीस्ट वाढवायचा जेलीसारखा मीडिया) ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलं, ४८ अंशांवर आणलं, लिटरला ५ मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक (निव्वळ अ‍ॅसिटिक आम्ल) घातलं आणि लगेच प्लेट ओतल्या. आम्ल आधी घातलं तर ऑटोक्लेव्हच्या उष्णतेत अगर तुटतं आणि प्लेट पेजेसारखी राहते. म्हणूनच उरलेला मीडिया पुन्हा वितळवायचा नाही. पावसाळ्यात आपल्याकडे झाकणाला पाणी सुटतं, कॉलन्या एकमेकींत वाहतात. त्यामुळे प्लेट लॅमिनार फ्लोमध्ये वाळवून घेतल्या. वाईन गाळायला घेतलेला ०.४५ मायक्रॉनचा मेम्ब्रेन गाळाने लगेच तुंबला. मग गाळच सलाईनमध्ये पातळ करून ०.१ मिली पसरला. जोडीला साधं माल्ट, लायसिन अगर आणि प्रत्येकावर तुलनेसाठी सॅकरोमायसिसचं कंट्रोल. कंट्रोल नसेल तर आम्लाच्या प्लेटवरची वाढ काहीच सिद्ध करत नाही, हे बऱ्याच लॅब विसरतात.

२८ अंशांवर चौथ्या दिवशी आम्लाच्या प्लेटवर क्रीम रंगाच्या गुळगुळीत कॉलन्या, कंट्रोल कोरं. लायसिनवरही वाढ, लायसिन हे अमिनो आम्ल हाच नायट्रोजनचा एकमेव स्रोत असेल तर सॅकरोमायसिस वाढत नाही. मायक्रोस्कोपखाली दोन पेशी नळीने जोडलेल्या, दोन्हींत बीजाणू, ही झायगोसॅकरोमायसिसची खूण. वाईनमधलं फ्रुक्टोजही ग्लुकोजच्या आधी संपत आलेलं. सॅकरोमायसिस आधी ग्लुकोज खातं, हे उलट.

युनिटवाल्यांना सॉर्बेट वाढवायचं होतं. त्याचा उपयोग नव्हता, तेवढ्याने हे यीस्ट हलत नाही. स्वॅब घेतले तेव्हा फिलरच्या नोझलमधल्या रबरी वॉशरमागे तेच यीस्ट सापडलं. वॉशर बदलून, रोज भरणीआधी फिलर-नोझलमधून ८२ अंशांचं पाणी २० मिनिटं फिरवायचं ठरलं. ८२ अंश टाकीपाशी नव्हे, शेवटच्या नोझलपाशी मोजायचे.