नक्की?

रात्रीचे पावणेदोन. तिसऱ्यांदा खिडकीशी जाऊन आले. गाडी आहे. उजवा आरसा आहे. डाव्याच्या जागी भोकच आहे, ते कुठे जातंय.

गेल्या शनिवारी भाजीला निघाले होते. गाडी मागे घेताना सवयीने डावीकडे बघितलं तर आरशात रस्ताच नाही. पांढुरकं प्लास्टिक, त्यावर तीन खटके आणि मध्ये कोळ्याचं एक जुनं जाळं. काय बघतेय ते क्षणभर कळेचना. बाहेरचं कव्हर शाबूत, साधा ओरखडासुद्धा नाही. गॅरेजवाला म्हणाला, "कोपऱ्यातून स्क्रू ड्रायव्हर घातला की टक्‌कन निघते, मॅडम. सफाईने काढलीय." हे त्याने इतक्या कौतुकाने सांगितलं की मलाच 'थँक्यू' म्हणावंसं वाटलं.

काच साडेतीनशे रुपयांची. तेवढ्यात आमची चौघांची मिसळ होत नाही. त्यासाठी मी आठ दिवस जागतेय हे सांगायचं तरी कुणाला? हा तर पहिल्या दिवशीच म्हणाला, "एवढ्याचं काय घेऊन बसलीस?" आईने फोनवर वेगळाच निकाल दिला. "शनिवारी गेली ना? मग पीडा गेली." देवळाबाहेर चपला गेल्या की लावायचा नियम तिने सरळ काचेला लावला. मी म्हटलं, अगं, शुक्रवारी रात्री गेली की शनिवारी पहाटे, ते चोरालाच माहीत. तर म्हणे, "तुला कळलं कधी? शनिवारी. मग शनिवारच."

इन्शुरन्सच्या माणसाला विचारून झालं. आपल्या गाडीला क्लेममधले पहिले हजार रुपये आपणच भरायचे असतात, म्हणजे साडेतीनशेचा प्रश्नच मिटला. वर, पाच वर्षं क्लेम केला नाही म्हणून मिळणारी 50 टक्के सूट गेली असती, ती निराळीच. भाच्याची नुकतीच लॉची परीक्षा झालीय, त्यामुळे त्याला विचारण्याची सोय नव्हती, तो आपण होऊन सांगतो. "आत्या, चोरीचं ते जुनं कलम 379 विसर. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, कलम 303. माल पाच हजारांच्या आतला, पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत दिली, तर शिक्षा समाजसेवेची." तेव्हापासून डोळ्यांसमोर येतंय की चोर आमच्याच गल्लीत झाडू मारतोय आणि मी वरून बघतेय. बघताना मी काय म्हणणार? 'कोपऱ्यातलं राहिलं'?

गल्लीत मात्र मला एकदम मान आला. भेटेल तो आपापली चोरी सांगतो. समोरच्यांचे व्हीलकप गेले होते, तेव्हापासून त्यांनी नवे केबल टायने चाकाला बांधून टाकलेत. कोपऱ्यावरच्यांच्या गाडीचा मागचा मोनोग्राम गेला, ते म्हणतात बरं झालं, उगाच शायनिंग होती. केटरिंगवाल्यांच्या ईकोचा तर अख्खा सायलेन्सर नेला होता. त्यातल्या 'माती'साठी नेतात. माती कसली, धूर शुद्ध करायला आत जी जाळी असते तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. सकाळी गाडी चालू केली तर ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखं अख्खी गल्ली उठली होती. त्यांच्यापुढे माझी काच म्हणजे किस झाड की पत्ती. एका गोष्टीची तेवढी खात्री आहे, नंबरप्लेट सहजासहजी जायची नाही. जुन्या गाड्यांना ती नवी हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली तेव्हा 2025 मध्ये दोन हेलपाटे घालून बसवून घेतली. स्नॅप लॉक आहे, तोडल्याशिवाय निघत नाही. ज्याची कुणाला हौस नाही ते कुलपात आणि बाकी सगळं रस्त्यावर.

बाबांची गाडी आहे म्हणून लागतंय का मनाला? असेल. जाऊ दे.

खरं सांगायचं तर काचेचं नाहीच हे. त्या 'नक्की'चं आहे.

शनिवारी गाड्या पुसणारा मुलगा आला तेव्हा मी खालीच उभी होते. सोळा-सतराचा असेल. आमच्या गल्लीतल्या अकरा गाड्या पुसतो, एका बादलीत आणि दोन फडक्यांत. मी विचारलं, "काल पुसताना डावी काच होती का रे?" तो म्हणाला, "होती, ताई." इथे थांबायचं होतं. पण मी म्हटलं, "नक्की?"

एवढंच. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी घातली नाही. कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, साधी विचारपूस करत होती. पण त्याने फडकं पिळलं, आधीच पिळलेलं होतं तरी पुन्हा पिळलं, आणि म्हणाला, "नक्की, ताई." मग पुढच्या गाडीकडे गेला. आमची पुसायची राहिली होती.

बरं, मला संशय होता का? नव्हता. होता? चार वर्षं येतो. एकदा सीटखाली पडलेली पाचशेची नोट वरती आणून दिली होती त्याने, तेव्हा मी त्याला चहा दिला होता आणि त्या चहाचं मला अजून अप्रूप आहे, यावरून काय ते ओळखावं. समोरच्यांना मी 'नक्की?' विचारलं असतं का? कोपऱ्यावरचे त्या रात्री साडेबारापर्यंत गाडीला टेकून फोनवर बोलत होते, त्यांना विचारलं का? नाही. ज्याला विचारता येतं त्याला विचारलं.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर गाडी नेहमीपेक्षा लख्ख. डाव्या भोकातलं जाळंसुद्धा काढलेलं. आत बोट घालून, फडक्याच्या टोकाने, तिन्ही खटक्यांभोवतीची धूळ पुसलेली. म्हणजे राग नाही असं समजायचं, की 'बघा, इथेही काही लपवलेलं नाही' असं? आठ दिवस मी हे उलटसुलट करतेय. आणि तो रोज सहाला येतोय, पुसतोय, जातोय. वर बघत नाही. आधी तरी कुठे बघायचा? वरच्या मजल्याकडे बघत गाड्या पुसतं का कुणी?

बाबांचं आठवतं. दादरला शिवाजी मंदिरला नाटकाला गेलो की तेव्हाची पद्मिनी गाडी लावून झाल्यावर ते दोन्ही वायपर काढायचे, पेपरात गुंडाळायचे आणि मांडीवर घेऊन नाटक बघायचे. सगळेच काढायचे तेव्हा. मला लाज वाटायची. मध्यंतरात आई बटाटेवड्याचा पुडा समजून ते उघडायला गेली होती. पण आज वाटतं, शहाणा माणूस होता. वायपर काढून घेतले की कुणालाच विचारावं लागत नाही, नक्की का म्हणून. शिवाय वाड्यातल्या कुणावर त्यांनी कधी... अर्थात हे मला काय माहीत. मी सात-आठ वर्षांची होते. त्यांनीही कुणाला तरी विचारलंच असेल.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं शनिवारपासून सगळ्यांना ऐकवत होते. काळ सोकावला तो माझाच. काल दूधवाल्याला म्हटलं, दोन पिशव्या, नक्की? तो म्हणाला, मोजा.

उद्या दहाला गॅरेजमध्ये काच बसवायची आहे. तो म्हणतो, वर गाडीचा नंबर कोरून देतो, शंभर रुपये जास्त, मग चोर हात लावत नाही, कारण विकता येत नाही. पटलं होतं मला. संध्याकाळी लक्षात आलं की ती कोरलेली काच रोज सकाळी पुसणार कोण? आकड्यांवरून फडकं फिरवताना त्याला काय वाटेल? काहीच वाटणार नाही, कदाचित. अकरातल्या तीन गाड्यांवर आधीच नंबर कोरलेला आहे, हे आजच खाली जाऊन बघून आले. (हो, रात्री नऊ वाजता, टॉर्च घेऊन, दुसऱ्यांच्या आरशांत डोकावत. कुणी बघितलं असतं तर कलम 303.)

कोरून घेईन. की साधीच घेऊ?

चौथ्यांदा उठले तर हा कुशीवर वळला. "आहे का गाडी?"

"आहे."

"नक्की?"

म्हटलं, झोप.