कागदावर ड्रॉ

झालं तसं काहीच नाही. लंचला विषय निघाला, नोव्हेंबर जवळ आलाय, एसीसीची, म्हणजे इथल्या अमेरिकन कॉलेजांच्या लीगची, विमेन्स सॉकर टुर्नामेंट येतेय, आणि मी दरवर्षीसारखं म्हटलं की पहिला कप आमचाच बरं का, 1988 चा, रॉलीच्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीचा. तर समोरचा चॅपल हिलवाला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिनाचा, सॅलड चावता चावता म्हणाला, "हो, पण ती मॅच ड्रॉ होती ना." बस. एवढंच. लगेच तो पार्किंगच्या नव्या नियमांवर घसरला पण, आणि बाकीचेही त्याच्याबरोबर गेले. मी आपली रात्री साडेअकराला जागी राहून हे टाइप करतेय.

ड्रॉच होती. मला माहीत आहे ते, म्हणूनच जास्त लागलं असणार. इथे कॉलेज सॉकरमधे मॅच बरोबरीत सुटून पेनल्टी शूटआउट झालं की जी टीम शूटआउट मारते ती कप घेऊन घरी जाते, पण रेकॉर्डमधे दोघींच्याही नावापुढे ड्रॉच लागतो. म्हणजे 1988 ला एसीसीने मुलींची टुर्नामेंट पहिल्यांदा भरवली, फायनलला आमच्या पोरी आणि चॅपल हिलच्या पोरी, पेनल्टीवर आमच्या जिंकल्या, कप उचलला, आणि तरी चॅपल हिलच्या वहीत पराभवाचा रकाना कोराच. 1986 पासून 1990 पर्यंत सलग 103 मॅच त्या हरल्याच नाहीत असं जे जिथे तिथे छापून येतं ना, त्या 103 मधे आमचा हा कप पण मोजलेला आहे!! ती साखळी तोडायचं श्रेय 1990 ला कनेक्टिकटला गेलं. आमच्यापुढे त्या हरल्या पण आणि हरल्या पण नाहीत.

आणि त्याच मोसमात एनसीएएच्या, म्हणजे अख्ख्या देशातल्या कॉलेजांच्या, फायनलला परत ह्याच दोन टीम समोरासमोर, तिथे 4-1 ने आम्ही आडवे. तो मात्र व्यवस्थित पराभव, त्याला कोणी ड्रॉ म्हणत नाही. शार्मेन हूपर होती तेव्हा आमच्याकडे, जी पुढे कॅनडाकडून इतकी वर्षं खेळली, तरी.

मग नवरा झोपल्यावर मी चॅम्पियन्सची पूर्ण यादी उघडून बसले. उघडायला नको होती. 1988 ला एकदा आमचं नाव, आणि खाली 1989 नॉर्थ कॅरोलिना (म्हणजे चॅपल हिल), 1990 नॉर्थ कॅरोलिना, 1991 नॉर्थ कॅरोलिना, असं करत करत 2003 पर्यंत. पंधरा वर्षं सलग. 1989 ला मिया हॅम आणि क्रिस्टीन लिली, पुढे अमेरिकेच्या टीमच्या स्टार झालेल्या दोघी, एकदमच तिकडे दाखल झाल्या, म्हणजे बाकीच्यांनी घरी बसलं तरी चाललं असतं, पण त्या दोघी पास होऊन गेल्यावरही काही फरक पडला नाही, नुसती नावं बदलत राहिली. कॉलेजची मुलगी खेळून खेळून चार वर्षं खेळते. 1989 ला व्हर्जिनियाला नाहीतर ड्यूकला आलेली पोरगी चार मोसम जीव तोडून खेळली, डिग्री घेतली, नोकरी लागली, लग्न झालं, तिचं पोर शाळेत जायला लागलं, तरी कप चॅपल हिललाच. दर नोव्हेंबरला बॅग भरून टुर्नामेंटला जायचं आणि कोण जिंकणार ते बसमधे बसायच्या आधीपासून माहीत. कोणी सांगायचं ह्यांना की प्रयत्न करत राहा?

मला रडूच आलं खरं तर. त्या मुलींसाठी वगैरे नाही, उगाच मोठेपणा कशाला घेऊ. ताईच्या घराचे फोटो आलेत ग्रुपवर, आई तीन वेळा विचारून झाली की बघितलेस का. बघितले. छान आहे घर.

आणि ते लेटर. दोघांचंही काम सारखंच उत्तम असं लिहून दिलंय त्यांनी, अगदी त्याच शब्दांत, दोघांना. ऑफिसचं इथे लिहायचं नाही असं ठरवलंय मी, पण खुर्ची कोणाला मिळाली ते सांगायला नकोच, तो सॅलड खात होता.

हे लिहिलं आणि पाच मिनिटं थांबले, कारण एक गोष्ट डोक्यात आली आणि ती मला अजिबात आवडली नाहीये. दुपारपासून मी स्वतःला 1988 ची स्टेटची टीम समजून घुसमटतेय, की बघा, जिंकून सुद्धा ह्यांनी ड्रॉ म्हटलं. पण लेटरमधे ड्रॉ कोणाला मिळाला? मला. आणि कप कोणाला? म्हणजे ह्या गोष्टीत मी चॅपल हिल आहे!! कागदावर अपराजित, हातात काही नाही. आणि तो चॅपल हिलवाला, बिचारा, स्टेट.

मग मला हसायलाच यायला लागलं. एकटीच किचनमधे उभी, चिवड्याच्या डब्यात हात. कारण मग मी यादी परत वरून खाली वाचली, चॅपल हिलवाली होऊन. 2004 ला पंधरा वर्षांनी पहिल्यांदा दुसरं नाव येतं, व्हर्जिनियाचं, आणि ते कसं, तर फायनलला चॅपल हिलला पेनल्टीवर हरवून. परत पेनल्टी! म्हणजे तोही ड्रॉ. पुढे 2005 ते 2009 परत चॅपल हिलच. म्हणजे 1988 पासून 2009 पर्यंत बावीस टुर्नामेंट झाल्या, त्यातल्या वीस त्यांनी जिंकल्या, दोन कप हातचे गेले आणि दोन्ही ड्रॉ म्हणून नोंदले गेले. बावीस वर्षं ह्या टुर्नामेंटमधे त्या बायका अधिकृतपणे एकही मॅच हरलेल्या नाहीत. असला हिशेब मी कुठेच बघितला नव्हता. ह्यांच्याशी भांडायचं तरी कुठल्या तोंडाने.

तरी 1988 च्या आणि 2004 च्या त्या दोन संध्याकाळी त्यांनाही कप दुसऱ्याच्या हातात बघावाच लागला असेल ना. ड्रॉ आहे हं, ड्रॉ आहे, असं कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हटलं असेल. त्याने काय होतं. मला आज ते कोणी म्हणालं असतं तर मी त्याच्या अंगावर ताक ओतलं असतं.

2010 ला वेक फॉरेस्ट जिंकली आणि मग पुढची यादी वाचायला बरी आहे, निदान नावं तरी बदलतात. 2011 ला फ्लोरिडा स्टेट, 2012 ला परत व्हर्जिनिया, आणि 2013 पासून फ्लोरिडा स्टेट सुटलीच, 2016 पर्यंत सलग चार. फ्लोरिडा स्टेटने मुलींचं सॉकर सुरूच केलं 1995 ला, म्हणजे चॅपल हिलची निम्मी रांग लागून झाल्यावर. आणि आता बघा, 2018, 2020, 2022, तिन्ही फायनलला चॅपल हिल आणि तिन्ही वेळा फ्लोरिडा स्टेटकडून मार, 3-2, 3-2, 2-1. पेनल्टी नाही, ड्रॉ नाही, सरळ पराभवाच्या रकान्यात. 2023 ला तर फ्लोरिडा स्टेट अख्ख्या मोसमात हरलीच नाही, एसीसी पण घेतली आणि एनसीएएच्या फायनलला स्टॅनफर्डला 5-1 धुतलं. मला ह्याचा इतका आनंद का होतो ते माहीत नाही, त्यात आमच्या स्टेटचं कुठेच काही नाही. 1988 नंतर आमचं नाव त्या यादीत एकदाही आलेलं नाही. एकदाही नाही. पण रॉलीत चार जणांना विचारून बघा, कोणाला पडलेलं नाही, सगळे बास्केटबॉल बघतात.

नवऱ्याला तर सॉकर बघवतच नाही इथलं. घड्याळ उलटं चालतं, पंचेचाळीसपासून शून्याकडे, आणि बाहेर काढलेली प्लेयर परत आत येते, त्याच्या मते हा फुटबॉल नाहीच. तरी येतो बरोबर. मैदान जवळ आहे घरापासून आणि समोसे आपण घरून खाऊन निघतो. यंदा मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम त्याच आठवड्यात आहे, लेकीचा नाच पण आहे, त्याचं काय करायचं ते उद्या बघू.

अॅन्सन डॉरन्सने 2024 च्या ऑगस्टमधे कोचिंग सोडलं तेव्हा मला वाटलं होतं संपलं आता चॅपल हिलचं. 1979 पासून तो माणूस त्या टीमचा कोच, टीमची सुरुवातच त्याच्यापासून, आणि मोसम तोंडावर असताना म्हणाला बास. लंचला त्या दिवशी सगळे चॅपल हिलवाले सुतकात होते, मी पण चेहरा तसाच ठेवला. आणि त्याच मोसमात डेमन नाहास नावाच्या हंगामी कोचला घेऊन त्या एनसीएए जिंकल्या, 1-0, आणि जिंकल्या कुठे, तर इथेच, रॉलीशेजारच्या केरीत. समोर वेक फॉरेस्ट. त्या सोमवारी आम्ही होतो मैदानावर. शेवटची शिट्टी वाजली आणि माझं लाल जॅकेट उठून उभं राहिलं, टाळ्या चालू. नवरा म्हणाला, अगं तू स्टेटची ना? मी म्हटलं वेक फॉरेस्टसाठी वाजवतेय, चांगल्या खेळल्या पोरी.