पश्चिमेची खिडकी आणि तीन पडदे

जुळे सोलापुरात घर घेताना बिल्डरने 'संध्याकाळचा वारा मस्त येतो' एवढंच सांगितलं होतं. वारा येतो, खोटं नाही. पण बेडरूमची मोठी खिडकी पश्चिमेला, आणि ह्यांची ड्यूटी हॉस्पिटलात रात्रीची. म्हणजे दिवसभर झोपायचं, तेही सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा ४२-४३ वर असताना.

सुरुवातीला आम्ही जे सगळं सोलापूर करतं तेच केलं. खिडकीला चादर लटकवली. मोराच्या नक्षीची, चांगली जाड. अंधार झाला, पण चार वाजता चादरीला हात लावला तर तवाच. तेव्हाच लक्षात आलं की उजेड अडवणं आणि ऊन अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. काच एकदा तापली, ऊन आत आलं, की पडदा कितीही जाड असो, तो स्वतः तापून ती उष्णता खोलीतच सोडणार. ऊन काचेच्या बाहेरच थांबायला हवं.

छज्जा आहे की, असं दीर म्हणाले. आहे, दीड फुटाचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तेव्हा त्या छज्ज्याचा उपयोग होतो. पण साडेचारला ऊन तिरकं होतं आणि चार फूट उंचीच्या खिडकीवर छज्ज्याची सावली जेमतेम वरचा एक फूट झाकते. बाकी तीन फूट ऊन सरळ गादीवर.

सासूबाईंचं म्हणणं वाळ्याचे पडदे लावा. वास छान, पण पाणी मारत कोण बसणार? शेवटी बांबूच्या काड्यांचा गुंडाळायचा पडदा घेतला आणि छज्ज्याला हुक मारून ग्रिलच्या बाहेरून सोडला. सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, आणि गरमीत सगळ्यात जास्त फरक हिनेच पडला. काड्यांच्या फटींतून हवा येते, त्यामुळे सरकती काच उघडी ठेवता येते. कूलर लावणाऱ्यांना हे महत्त्वाचं, कारण आतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. खालची काठी मात्र ग्रिलला सुतळीने बांधायचीच. वळवाचं वादळ आलं की ती शेजाऱ्यांच्या काचेवर आपटायला वेळ लागत नाही.

आतल्या बाजूला डबल ब्रॅकेट लावून दोन पाइप बसवले. काचेकडच्या पाइपवर पांढरा नेटचा पडदा, खोलीकडच्या पाइपवर ब्लॅकआउट, म्हणजे उजेड पूर्ण अडवणारा पडदा. इथे दुकानदार आणि माझं जमेना. त्याला झेब्रा ब्लाइंड, म्हणजे आडव्या पट्ट्यांचे गुंडाळायचे पडदे, विकायचे होते. दिसायला सुरेख, पण दोन्ही कडांना फट राहते आणि दिवसा झोपणाऱ्याच्या डोळ्यांवर नेमका तोच पट्टा येतो. शिवाय खिडकी उघडी असली की वाऱ्याने खडखड. ब्लॅकआउटचं कापड मी दुकानातच मोबाइलचा टॉर्च मागे धरून तपासलं. पाठीला लेप दिलेलं घेतलं नाही, आत काळा धागा विणलेलं घेतलं. ते मऊ पडतं आणि धुतल्यावर लेप सुटायची भीती नाही.

शिलाईला पूर्व भागातल्या एका मास्तरांकडे गेले. खिडकी पाच फूट, दोन्हीकडे आठ-आठ इंच जादा धरून पाइप ७६ इंची. मी म्हटलं, "मास्तर, दीडपट कापड पुरेल ना?"

"ताई, दीडपटीत चुण्या पडत नाहीत. सपाट दिसतं. दोनपट तरी घ्या की."

४८ इंची पन्न्याचे (कापडाच्या रुंदीचे) चार पन्ने लागले, दोन्ही पडद्यांना तेवढेच. रिंगा प्रत्येक पडद्याला सम संख्येत, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात आणि बाजूची फट झाकली जाते. लांबी जमिनीपासून अर्धा इंच वर. तयार सात फुटी पडदे आखूड पडले असते, कारण पाइप चौकटीच्या पाच इंच वर आहे. तिथे लिंटेलचं, म्हणजे खिडकीवरच्या तुळईचं, काँक्रीट लागलं. साध्या ड्रिलने नुसता धूर निघाला. शेवटी इलेक्ट्रिशियन हॅमर ड्रिल घेऊन आला.

उत्तरेच्या लहान खिडकीखाली मुलीचं टेबल आहे. तिथे लांब पडदा सारखा वह्यांवर आला असता, म्हणून तिथे रोलर ब्लाइंड, ब्लॅकआउटच्याच राखाडी रंगाचा. रंग एक ठेवला की प्रकार वेगळे असले तरी खटकत नाही. ऊन फारसं येत नाही, त्यामुळे तिथे फटीचंही काही वाटत नाही.

आता ह्यांचं वेळापत्रक ठरलंय. सकाळी येऊन झोपताना ब्लॅकआउट बंद, काच उघडी, बांबूचा पडदा खाली, खोलीचं दार थोडं उघडं. ऊठले की फक्त नेट. समोरच्या बिल्डिंगमधून दिवसा आतलं दिसत नाही, पण रात्री दिवा लावला की नेटमधून सगळं दिसतं, तेव्हा ब्लॅकआउट ओढावाच लागतो. मृग लागला की बांबूचा पडदा वाळवून माळ्यावर टाकते, नाहीतर बुरशी धरते. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर जत्रेच्या थंडीत तर तो नकोच असतो, ते ऊन हवंच असतं.

पडदे बांधायच्या पट्ट्या मास्तरांनी शिवून दिल्यात, त्यांचे हुक अजून भिंतीला लागायचेत. इलेक्ट्रिशियन 'उद्या येतो' म्हणालाय.