आमची वाटचाल : वीणा कुठं गेली?

वडिलांचा धंदा लाउडस्पीकरचा. अंबाजोगाईच्या आसपास लग्न, जत्रा, सप्ता काहीही असलं की आमचा टेम्पो भोंगे, ॲम्प्लिफायर आणि वायरीची भेंडोळी घेऊन निघायचा. सप्त्यातल्या कीर्तनाची कॅसेट वडील फुकट भरून द्यायचे, भाडं वेळेवर मिळावं म्हणून. त्याच कॅसेटींवर पुढे दुकान चालेल हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते.

मी गल्ल्यावर बसलो तेव्हा लोक त्या कॅसेटी पेनड्राइव्हवर भरून मागत होते. भरून दिल्या की म्हणायचे, खरखर काढा. एका तयार सॉफ्टवेअरमध्ये सोय होती. शांत तुकड्याचा नमुना दाखवायचा, की तसला आवाज सगळीकडून कमी. पहिलं मोठं काम केज तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याचं होतं. त्यांनी डोळे मिटून दहा मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून म्हणाले, "माउली, बुवांचा गळा झकास आलाय. पण वीणा कुठं गेली?"

मी शांत म्हणून जो तुकडा निवडला होता त्यात बुवा थांबले होते, वीणेकरी थांबला नव्हता. एकसारखं वाजतं ते सगळं सॉफ्टवेअरच्या लेखी कचरा. पैसे परत केले. म्हाताऱ्याने घेतले नाहीत, कॅसेट मात्र परत नेली.

मग प्युअर डेटा नावाचं आवाजाचं सॉफ्टवेअर हाताशी आलं. हे मिलर पकेट यांनी 1990च्या दशकात लिहिलं. त्याआधी 1980च्या दशकात पॅरिसच्या इरकाम संस्थेत त्यांनीच मॅक्स हे तसलंच सॉफ्टवेअर घडवलं होतं. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं. यात कोड लिहायचा नाही, चौकोन मांडून वायरी जोडायच्या. आवाज नेणारी वायर जाड, नुसता निरोप नेणारी बारीक. वायरिंगवाल्याच्या पोराला आणखी काय पाहिजे?

आवाज फोडून त्याचे बिन, म्हणजे खालच्या-वरच्या सुरांचे कप्पे, करायचे. प्रत्येक बिनात थोड्याथोड्या हर्ट्झचा हिस्सा. शेजारी ॲरेचा, म्हणजे आकड्यांच्या रांगेचा, आलेख ठेवायचा आणि त्यावर माउसने रेघ ओढायची. रेघ वर तिथला आवाज राहतो, खाली नेली की जातो. ध्वनी चितारून काढायची कल्पना जुनीच. संगीतकार झेनाकिस यांनी 1977 मध्ये त्यासाठी फळा आणि लेखणी असलेलं यंत्र केलं होतं. पण आपल्या हातून रेघ खाली जाते आणि खरखर बसते, ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. त्याआधी एक भागाकार विसरलो होतो. विंडो म्हणजे एका वेळी फोडायचा आवाजाचा तुकडा, आणि नमुने म्हणजे त्यातली क्षणाक्षणाची मापं. 1024 नमुन्यांच्या विंडोला, तुकडे एकमेकांवर चार पदरी चढवले असतील तर, शेवटी 1536 ने भागावं लागतं. भागलं नाही म्हणून स्पीकर असा बोंबलला की शेजारचा चहावाला किटली घेऊनच धावत आला.

खरा झगडा विंडोच्या लांबीचा. सेकंदाला 44100 नमुन्यांच्या रेकॉर्डिंगला 1024 ची विंडो लावली तर एक बिन 43 हर्ट्झचा होतो. विजेची घरघर 50 वर, आणि पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा तिथंच आसपास. घरघर कापायला जावं तर पखवाज पोकळ. 8192 घेतलं तर बिन 5.4 हर्ट्झचा, घरघर नेमकी सापडते. पण विंडो 186 मिलिसेकंदांची होते आणि टाळाचा ठोका पीठ सांडल्यासारखा पसरतो. आम्ही खालच्या पट्ट्याला लांब विंडो लावतो, वरच्याला आखूड. वीणेच्या रेघेला हात लावत नाही.

एका कॅसेटमध्ये घरघरीनेच वाट दाखवली. बुवांचा आवाज उगाच पोरसवदा वाटत होता. भोंग्याच्या ॲम्प्लिफायरची घरघर विजेच्या दुप्पट, म्हणजे 100 च्या आसपास दिसायला हवी, ती 108 जवळ उभी. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट. भरताना टेप हळू फिरली, आता आमच्या डेकवर जोरात पळत होती. सूर पट्टीहूनही वर चढलेला. वीजही काही अगदी 50 वर नसायची, म्हणून बुवांच्या पुतण्याला पेटी घेऊन बोलावलं. "काका पांढरी चारच्या वर जात नसत," म्हणाला. वेग उतरवला, तो ऐकत राहिला, आणि नंतर बराच वेळ बोललाच नाही.

आता दोघं आहोत. भाचा माझ्यापेक्षा चांगली रेघ ओढतो, पण टाळ कापायची खोड अजून गेलेली नाही. कॅसेट साफ करायला दोन दिवस जातात आणि गिऱ्हाईक म्हणतं, मोबाईलवर एका बटनात होतं की. त्याला आधी वीणा ऐकवतो. काही जण थांबतात, काही जातात. पाटीवर अजून "लाउडस्पीकर भाड्याने मिळतील" हेच लिहिलंय, कारण वर्षाचं भाडं गणपतीच्या दहा दिवसांतच निघतं.